निळ्या नावाचा पिवळा मासा

आज गडकिल्ले नाहीत, तह नाहीत, बखरही नाही. आज बोलायचं आहे ते माझ्या घरातल्या चार फुटी काचेच्या टाकीबद्दल. आणि सुरुवात करतो ती त्या टाकीत झालेल्या नऊ मृत्यूंपासून.

२०१७ सालचा ऑगस्ट. नोकरीमुळे चेन्नईत येऊन आम्हाला सहा वर्षं झाली होती. लेक तेव्हा चौथीत. एका रविवारी तिला घेऊन कोलत्तूरला गेलो. चेन्नईतल्या या भागात शोभेच्या माशांची मोठी घाऊक बाजारपेठ आहे. दुकानाला लागून दुकान, आणि प्रत्येकासमोर ऑक्सिजन भरून फुगवलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांत लटकणारे मासे. आमच्या इमारतीचं पाणी बोअरचं. नळाच्या तोंडाशी पांढरे खवले साचतात, गीझरची कॉइल दोन वर्षांत बदलावी लागते. "या पाण्यात काय जगेल?" असं विचारल्यावर दुकानदाराने एका टाकीकडे बोट दाखवलं. लिंबासारखे पिवळेधमक मासे, पाठीवरच्या पराला काळी किनार, आणि एकमेकांच्या मागे अशी धावाधाव की जणू कोर्टात जमिनीचा दावा चालू आहे. "आफ्रिकन सिक्लिड," तो म्हणाला. लेकीने तिथेच त्यांचं नाव 'लिंबू' ठेवलं आणि विषय संपला.

तसा मी पुस्तकी माणूस. टाकी मांडण्याआधी वाचलं. पण वाचलं काय, तर मत्स्यालयाचा इतिहास! लंडनचा रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन याने १८४९ मध्ये सुमारे बारा गॅलनच्या भांड्यात दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया नावाची पाणवनस्पती ठेवली. वनस्पतीची पानं कुजून हिरवट चिखल साचू लागला, तेव्हा त्याने तळ्यातल्या गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी तो चिखल खाल्ला, त्यांच्या अंड्यांवर मासे जगले, आणि पाणी न बदलता सगळं महिनोन्महिने नीट चाललं. १८५० मध्ये त्याने हे निरीक्षण केमिकल सोसायटीपुढे मांडलं. माशाने सोडलेला कार्बन डायऑक्साइड वनस्पतीने घ्यायचा, वनस्पतीने सोडलेला ऑक्सिजन माशाने घ्यायचा, घाण गोगलगायीने उचलायची. काय सुंदर हिशेब! त्यात ब्रिटनमध्ये काचेवरचा कर १८४५ मध्ये उठला होता, काच स्वस्त झाली होती. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यगृह उघडलं, १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस याचं 'दि अ‍ॅक्वेरियम' हे पुस्तक आलं, आणि तो शब्द घरोघरी पोचला.

मी तो हिशेब खरा मानला. शनिवारी टाकी भरली, दोन-चार पाणवनस्पती खोचल्या, आणि रविवारी बारा मासे सोडले. माशांनी पहिल्या दोन दिवसांत वनस्पती उपटून टाकल्या. चौथ्या दिवशी ते पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागले. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसत होतं, म्हणून मला वाटलं की हवा कमी पडते आहे; दुसरा एअर पंप आणला. दहाव्या दिवसापर्यंत नऊ मासे गेले. लेक रोज सकाळी शाळेचा डबा भरण्याआधी टाकीपाशी जाऊन मोजायची. मोजून झालं की मला आकडा सांगायची, आणखी काही बोलायची नाही. तो आकडा ऐकायला मला नको व्हायचं.

दोष दुकानदाराचा नव्हता, माशांचा तर नव्हताच. दोष माझ्या वाचनाचा होता. मी अर्धीच गोष्ट वाचली होती. उरलेली अर्धी वॉरिंग्टनच्याच घरात घडली आहे.

वॉरिंग्टनला त्याच्याच नावाचा मुलगा होता, रॉबर्ट. बापाने गोल्डफिशचं भांडं मांडलं तेव्हा तो दहा-अकरा वर्षांचा, म्हणजे माझ्या लेकीच्याच वयाचा. हा मुलगा पुढे शेतीरसायनशास्त्रज्ञ झाला आणि रोथॅमस्टेडच्या प्रख्यात शेती संशोधन केंद्रात काम करू लागला. १८७७ मध्ये पॅरिसमध्ये श्लोसिंग आणि म्युन्त्झ या दोघांनी एक प्रयोग केला. काचेच्या लांब नळीत वाळू आणि खडूची पूड भरून त्यातून त्यांनी गटाराचं पाणी हळूहळू झिरपू दिलं. सुमारे वीस दिवस काहीच घडलं नाही. वरून जितका अमोनिया आत जाई तितकाच खालून बाहेर येई. नंतर अमोनिया नाहीसा होऊन त्याजागी नायट्रेट येऊ लागलं. मग त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली आणि ही क्रिया थांबली. दगडवाळू काही क्लोरोफॉर्मने बेशुद्ध होत नाही! म्हणजे काम करणारं कुणीतरी जिवंत होतं. धाकट्या वॉरिंग्टनने रोथॅमस्टेडमध्ये हाच धागा पकडून कितीतरी वर्षं प्रयोग केले आणि दाखवलं की हे काम दोन टप्प्यांत चालतं: आधी अमोनियाचं नायट्राइट, मग नायट्राइटचं नायट्रेट. १८९० च्या सुमारास विनोग्रॅड्स्की याने ते जिवाणू वेगळे करून दाखवले.

बापाचं भांडं चाललं त्यात वनस्पतींचा वाटा होताच. पण वाळूत, काचेवर, पानांवर वाढलेल्या या अदृश्य जिवाणूंचाही होता, आणि ते त्याला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. शिवाय मोठ्या भांड्यात दोन मासे. मी बारा सोडले, तेही जिवाणू नसलेल्या कोऱ्या पाण्यात.

त्यात आफ्रिकन सिक्लिडच्या बाबतीत आणखी एक मेख आहे, आणि पहिल्यांदा टाकी मांडणाऱ्याने ती सगळ्यात आधी समजून घ्यावी. माशाच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया पाण्यात येतो. तो दोन रूपांत असतो, एक बरंचसं निरुपद्रवी आणि दुसरं जहाल. कुठलं किती, हे पाण्याच्या सामूवर ठरतं. सामू सात असेल तर शंभरातला एक भागही जहाल रूपात नसतो. सामू सव्वाआठ झाला की तोच वाटा आठ-नऊ भागांवर जातो. सिक्लिडना अल्कधर्मी पाणी मानवतं, म्हणून आपण सामू वर ठेवतो, आणि जिवाणू तयार नसतील तर तेच पाणी त्यांना मारतं. गोल्डफिशच्या टाकीत जी चूक खपून जाईल ती इथे खपत नाही.

दुसऱ्या वेळी मी घाई केली नाही. उरलेले तीन मासे खालच्या मजल्यावरच्या एका गृहस्थांच्या जुन्या, चालू टाकीत ठेवायला दिले. त्यांच्याच फिल्टरमधला एक मळका स्पंज मागून आणला आणि माझ्या टाकीच्या फिल्टरमध्ये बसवला. शेजाऱ्याकडून विरजण आणतात, अगदी तसं. मासे नसलेल्या टाकीत रोज चिमूटभर खाद्य टाकायचं, ते कुजू द्यायचं, आणि तपासणीच्या किटने अमोनिया आणि नायट्राइट मोजायचं. दोन्ही शून्यावर यायला मला तेहेतीस दिवस लागले. घरातल्यांनी या काळात 'रिकामी टाकी बघत बसणारा माणूस' म्हणून माझी बरीच चेष्टा केली. लेक पुन्हा मोजू लागली होती, पण आता मासे नव्हे, किटच्या परीक्षानळीतले रंग.

दगडांचं सांगतो. हे मासे खडकांत राहणारे. वनस्पती नसल्या तरी चालतील, पण दगडांच्या फटी, कपारी, बोगदे हवेत, नाहीतर दुबळा मासा मार चुकवायला जाणार कुठे? पल्लावरम, सेंट थॉमस माउंट या भागात जो काळसर निळा दगड मिळतो त्याला भूगर्भशास्त्रात चार्नोकाइट म्हणतात. कलकत्त्याच्या जॉब चार्नॉकच्या थडग्याचा दगड याच जातीचा, म्हणून हे नाव. तोच आणला. टाकीखाली थर्मोकोल, आत तळाच्या काचेवर आधी दगड, मग भोवती वाळू, हा क्रम उलटा करू नये. हे मासे तोंडाने वाळू उपसतात. वाळूवर ठेवलेला दगड एक दिवस घसरून काचेवर आदळतो. पाणी, दगड, काच मिळून वजन तीनशे किलोच्या वर जातं, तेव्हा टाकी टीपॉयवर ठेवायच्या भानगडीत पडू नका. आणि बोअरचं कडक पाणी 'आफ्रिकनांना चालतं' म्हणून सरसकट भरू नका. ज्या सरोवरातून हे मासे आले त्याचं पाणी अल्कधर्मी आहे, सामू पावणेआठ ते साडेआठच्या आसपास. पण क्षार माझ्या बोअरच्या मानाने कितीतरी कमी. मी निम्मं महापालिकेचं पाणी, क्लोरिन घालवून, मिसळू लागलो. हीटरची चेन्नईत गरज नाही. उलट मे महिन्यात पंखा लावावा लागतो.

मासे परत आले, आणखी बारा आणले, आणि या वेळी सगळे जगले. थोडी दाटीच बरी असते; मोजके मासे असले की दांडगा मासा एकालाच गाठून मारतो, जास्त असले की मार वाटला जातो. हे ऐकून आमच्या सासूबाई म्हणाल्या, "एकत्र कुटुंबासारखंच की!"

मग एके दिवशी लेकीने विचारलं, लिंबूचं खरं नाव काय? मी शोधून सांगितलं: लॅबिडोक्रोमिस सेरुलियस. म्हणजे काय? लॅटिनमध्ये सेरुलियस म्हणजे निळा. "पण हा तर पिवळा आहे!" आता आला का प्रश्न. आणि इथून मी खऱ्या अर्थाने सरोवरात उतरलो.

नाव ठेवलं जेफ्री फ्रायर या इंग्रज शास्त्रज्ञाने, १९५६ मध्ये. तो तेव्हा मलावी सरोवराच्या पश्चिम किनाऱ्यावर, न्खाटा बे इथल्या मत्स्यसंशोधन केंद्रात काम करत होता. त्याने जे मासे पाहिले ते पांढरट निळे होते, म्हणून 'निळा'. सरोवरभर या जातीचे मासे जागोजागी वेगवेगळ्या रंगांचे आहेत. पिवळाधमक प्रकार वायव्य किनाऱ्याच्या एका छोट्या पट्ट्यात, लायन्स कोव्हच्या आसपास सापडतो, आणि तो शौकिनांच्या हाती आला तो खूप नंतर. जगभरच्या टाक्यांत आज दिसतात ते बहुतेक या पिवळ्यांचे वंशज, आणि नाव मात्र निळ्याचं. गंमत अशी की याच सरोवरातला जो खरोखर निळाशार मासा दुकानांत 'इलेक्ट्रिक ब्लू' म्हणून विकतात, त्याला १९९३ मध्ये नाव मिळालं सायनोक्रोमिस फ्रायरी, फ्रायरच्या सन्मानार्थ. पिवळ्याला फ्रायरने निळं म्हटलं आणि निळ्याला लोकांनी फ्रायर म्हटलं.

खडकांवरच्या या माशांना किनाऱ्यावरचे टोंगा भाषा बोलणारे कोळी 'म्बुना' म्हणतात. शास्त्रज्ञांनीही तोच शब्द उचलला, आणि कोलत्तूरचा दुकानदारही तोच वापरतो. सरोवराचं स्वतःचं नाव मात्र भांडणाचं आहे. मलावी देश १९६४ मध्ये स्वतंत्र झाला आणि त्याने ते मलावी केलं. पलीकडच्या काठावरचा टांझानिया अजून न्यासाच म्हणतो. आणि याओ भाषेत 'न्यासा' म्हणजेच सरोवर. म्हणजे 'लेक न्यासा' याचा अर्थ सरोवर सरोवर.

हे नाव नकाशावर गेलं ते डेव्हिड लिव्हिंगस्टनमुळे. सप्टेंबर १८५९ मध्ये तो या सरोवराच्या दक्षिण टोकाशी पोचला. त्याच्या मोहिमेत जॉन किर्क नावाचा डॉक्टर होता, वनस्पती आणि प्राणी गोळा करणारा. किर्कने पाठवलेल्या संग्रहातल्या माशांचं वर्णन ब्रिटिश म्युझियमच्या आल्बर्ट गुंथरने १८६४ मध्ये प्रसिद्ध केलं. या सरोवरातले मासे विज्ञानाच्या दप्तरात दाखल झाले ते तेव्हा.

इथवर हे सगळं मला दूरचं, साहेबांचं वाटत होतं. पण १८६४ हे साल वाचलं आणि मी थांबलो. कारण त्याच वर्षी १३ जूनला, पावसाळा तोंडावर असताना, एक छोटी वाफेची बोट मुंबई बंदरात शिरली. तिचं नाव 'लेडी न्यासा'.

ही बोट लिव्हिंगस्टनने या सरोवरासाठी बांधून घेतली होती. सरोवर ओलांडून गुलामांना किनाऱ्याकडे नेणाऱ्या होड्या तिला अडवायच्या होत्या. झांझिबारच्या जकात नाक्यावरून एकट्या न्यासा प्रदेशातले वर्षाला १९,००० गुलाम जातात, असं तिथले ब्रिटिश वकील रिग्बी यांनी त्याला सांगितलं होतं. हे जकात नाकं त्या शतकात बराच काळ जयराम शिवजी या कच्छी पेढीच्या मक्त्याखाली होतं, आणि किनाऱ्यावरच्या व्यापाराला लागणारं कापड आणि उधारी यांत मुंबई-कच्छचा पैसा खेळत होता. इतिहासात 'त्यांचं' आणि 'आपलं' अशा वाटण्या करायला बसलं की अशा जागी हात थबकतो.

बोटीचे भाग सुटे करून शिरे नदीवरच्या धबधब्यांच्या वर वाहून न्यायचे आणि तिथे जोडून सरोवरात सोडायचे, असा बेत होता. तो फसला. १८६३ मध्ये सरकारने मोहीम परत बोलावली. बोट झांझिबारला कमी किमतीत विकली तर गुलामांच्या व्यापाऱ्यांच्याच हाती जाईल, अशी त्याला भीती. म्हणून हा माणूस स्वतः कप्तान झाला आणि पंचेचाळीस दिवसांत सुमारे अडीच हजार मैल तोडून तिला मुंबईला घेऊन आला. खलाशांत झांबेझीकाठची माणसं होती, ज्यांनी त्याआधी समुद्र पाहिलेला नव्हता. पुढच्या वर्षी ही बोट मुंबईतच विकली गेली. सहा हजार पौंडांची बोट २,३०० पौंडांना, आणि ते पैसे ज्या बँकेत ठेवले तीही बुडाली. जिच्या नावातच ते सरोवर होतं, त्या बोटीने सरोवर कधी पाहिलंच नाही.

बोटीवर दोन मुलगे होते, चुमा आणि विकाटनी. दोघेही सरोवराच्या बाजूच्या याओ मुलखातले, १८६१ मध्ये गुलामांच्या तांड्यातून सोडवलेले. लिव्हिंगस्टन इंग्लंडला गेला तेव्हा त्यांना त्याने मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत ठेवलं. १८६५ मध्ये तो परत आला आणि नव्या मोहिमेसाठी माणसं जमवू लागला. चुमा आणि विकाटनी निघाले. त्यांच्याबरोबर नाशिकहून नऊ तरुण निघाले.

नाशिकहून! शरणपूर रस्ता नाशिककरांच्या रोजच्या बोलण्यातला. तिथे चर्च मिशनरी सोसायटीची वसाहत होती आणि तिच्यात आफ्रिकन मुलांसाठी आश्रम होता. अरबी समुद्रात ब्रिटिश नौदलाने गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली मुलं मुंबईला उतरवत आणि त्यांतली काही इथे पाठवत. ती इथे शिकली, लोहारकी-सुतारकी शिकली, गोदाकाठी मोठी झाली. इंग्रजी कागदपत्रांत त्यांना 'नासिक बॉईज' म्हणतात. जानेवारी १८६६ मध्ये मोहीम मुंबईहून निघाली तेव्हा सामानात उंट होते, गाढवं होती आणि आपल्याकडच्या म्हशीही होत्या. त्सेत्से माशीपुढे त्या टिकतात का हे पाहायला. त्या टिकल्या नाहीत.

ऑगस्टमध्ये सगळे सरोवराकाठी पोचले. ओलांडायला होडी मिळेना, कारण गुलामांचे व्यापारी लिव्हिंगस्टनला पाहून होड्या लपवत. ते पायीच दक्षिण टोकाला वळसा घालून गेले. तिथे विकाटनीने सांगितलं की आपले नातेवाईक सापडले आहेत, आणि तो मागे राहिला. चुमा शेवटपर्यंत गेला. १८७३ मध्ये लिव्हिंगस्टन वारला तेव्हा त्याचा देह किनाऱ्यापर्यंत वाहून नेणाऱ्यांत तो पुढे होता. मृत्यूनंतरची प्रार्थना ज्याने वाचली आणि झाडावर नाव-तारीख कोरली तो जेकब वेनराइट, हाही नाशिकला शिकलेला. एप्रिल १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीतल्या दफनाला तो हजर होता.

हे मी लेकीला सांगितलं तेव्हा तिने एवढंच विचारलं, "विकाटनीला खरंच त्याचे लोक सापडले, का त्याला नुसतं घरी राहायचं होतं?" मी इतिहास सांगतो मंडळी, पण तिच्याइतका सरळ प्रश्न मला सुचला नव्हता.

त्यानंतर माणसांची ने-आण थांबली आणि माशांची सुरू झाली. विसाव्या शतकाच्या साठच्या दशकापासून विमानं, प्लास्टिकच्या पिशव्या आणि ऑक्सिजनच्या नळकांड्या यांच्या जोरावर मलावीचे मासे युरोप-अमेरिकेत जाऊ लागले. निर्यातदारांनी लांबून पकडलेले मासे सोयीसाठी दक्षिणेच्या थंबी वेस्ट बेटापाशी सोडले. तिथे ते मूळचे नव्हते, पण टिकले आणि पसरले. एकाच सरोवरात, दुसऱ्या टोकाचा मासा हा परकाच. शेकडो जाती आहेत इथे, आणि त्या इतक्या जवळच्या नात्यातल्या की एका टाकीत जवळच्या जाती ठेवल्या तर संकर होतो आणि पिल्लं ना धड ही ना ती. म्हणून पहिल्या टाकीत दिसायला सारख्या जाती ठेवू नयेत.

माशांची जागा बदलण्याचा मोठा अनर्थ उत्तरेला व्हिक्टोरिया सरोवरात झाला. तिथे नाइल पर्च हा माणसाएवढा वाढणारा शिकारी मासा सोडायचं घाटत होतं. १९६० मध्ये एका शास्त्रज्ञाने लेख लिहून इशारा दिला की हे करू नका. तो शास्त्रज्ञ आपलाच जेफ्री फ्रायर. पण पर्च तोवर पाण्यात गेलाही होता. ऐंशीच्या दशकात त्याची संख्या भडकली आणि तिथल्या सिक्लिडच्या दोनशेच्या आसपास जाती नाहीशा झाल्याचा अंदाज आहे. काही जाती आज केवळ काचेच्या टाक्यांत उरल्या आहेत.

आपण लांबून हळहळायचं कारण नाही. १९५२ मध्ये आपल्याकडे श्रीलंकेतून मोझांबिक तिलापिया आणला, लोकांना स्वस्त मासा मिळावा म्हणून. हाही आफ्रिकन सिक्लिडच, तोंडात अंडी उबवणारा. तो इतका फोफावला की १९५९ मध्ये देशाच्या मत्स्यसंशोधन समितीने त्याचा प्रसार थांबवायला सांगितलं. तोवर उशीर झाला होता. उजनीच्या धरणावर त्याला 'चिलापी' म्हणतात, आमच्या चेन्नईत 'जिलेबी'. नावं इतकी घरगुती झाली की पाहुणा कोण हेच कळेनासं झालं. आणि खरा घरचा सिक्लिड, तो आपल्या खाड्यांत होताच: गोव्याचा काळुंदर, केरळचा करीमीन. त्याचे जवळचे नातेवाईक मादागास्करमध्ये आहेत. म्हणून एक विनंती, आणि ही मी कडक शब्दांत करतो: टाकीचा कंटाळा आला तर मासे दुकानात परत द्या, कुणाला द्या, पण तळ्यात, विहिरीत, नदीत सोडू नका. त्यात पुण्य नाही.

२०१९ च्या जूनमध्ये माझ्यावर ती वेळ आली होती. चेन्नईला पाणी पुरवणारे चारही तलाव आटले. जुलैत जोलारपेट्टैहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. आमच्या रस्त्यावर टँकर आला की रंगीत प्लास्टिकच्या कळशांची रांग लागे. आणि आमच्या दिवाणखान्यात अडीचशे लिटर पाण्यात पंधरा मासे, ज्यांना दर आठवड्याला साठ लिटर बदलून द्यायचे! त्या काळात कुणी घरी आलं की मी टाकीवर चादर टाकत असे. शेवटी नऊ मासे कोलत्तूरला परत नेऊन दिले, पैसे घेतले नाहीत. उरलेल्या सहांना खाद्य निम्मं केलं. बदललेलं पाणी बादलीत धरून संडासात आणि कुंड्यांना वापरलं. त्यातल्या नायट्रेटने कढीपत्ता असा तरारला की शेजारीण मागायला येऊ लागली.

ऑक्टोबरमध्ये पाऊस आला. नोव्हेंबरमध्ये एका मादीने खाणं सोडलं आणि गालफडं फुगवून कोपऱ्यात बसली. ही मादी अंडी आणि मग पिल्लं तीन आठवडे तोंडात धरते, आणि तेवढे दिवस जवळपास उपाशी राहते. लेकीने कॅलेंडरवर खुणा केल्या. बाविसाव्या दिवशी दगडाच्या फटीत तांदळाच्या दाण्याएवढे अकरा पिवळे ठिपके दिसले.

२०२२ च्या डिसेंबरात नाशिकला बहिणीकडे गेलो होतो. शरणपूर रस्त्याने दोनदा चाललो. वाहनांची गर्दी, दवाखाने, कपड्यांची दुकानं. मेहुण्यांच्या प्लॉटवर पाया खणताना निघालेला काळ्या पाषाणाचा एक तुकडा पिशवीत टाकून घेतला. विमानतळावर सुरक्षा तपासणीत त्याबद्दल पाच मिनिटं खुलासा द्यावा लागला. घरी आणून तो उकळला, आठवडाभर साध्या पाण्यात ठेवून सामू हलत नाही ना ते पाहिलं, आणि टाकीच्या डाव्या कोपऱ्यात बसवला. त्याच्याखाली मुठीएवढी पोकळी राहिली आहे. ती दुसऱ्याच दिवशी एका नराने बळकावली, आणि अजून तो कुणाला आत येऊ देत नाही.